काटा डाव्या हातात

सर बैलालाही 'एक्सक्यूज मी' म्हणायचे.

आमच्या गावात, म्हणजे नायगाव तालुक्यातल्या अडीच गल्ल्यांच्या त्या गावात, रस्त्यात एखादा देवणी बैल आडवा उभा राहिला तर माणसं त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारून त्याला हलवायची. सर सायकलवरून उतरायचे. घंटी वाजवणं म्हणजे ओरडणं, असं त्यांचं मत होतं, म्हणून घंटीला हात लावायचे नाहीत. बैलाच्या तोंडासमोर जाऊन, दोन हात अंतर ठेवून, इंग्रजीत वाट मागायचे. बैल बहुतेक वेळा बाजूला व्हायचा. सरांचं इंग्रजी आठवीच्या पोरांच्या आधी बैलाला समजलं, असं गावात सगळे म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

सर मूळचे उदगीरकडचे. लिंगायत घरातले, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. घरी कानडी, वर्गात इंग्रजी आणि इतर वेळी पुस्तकातल्यासारखं मराठी. तास संपला की पुस्तक मिटून 'साकू' म्हणायचे. कानडीत साकू म्हणजे पुरे. आम्ही सहा महिने तो इंग्रजी शब्द समजून चाललो होतो. माझ्या शेजारच्या मुलीनं चाचणीत निबंधाच्या शेवटी तो इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. सरांनी तिचे गुण कापले नाहीत, फक्त स्पेलिंग दुरुस्त केलं.

स्पेलिंग दुरुस्त करण्याची त्यांना खोडच होती. खिशात लाल पेन आणि खडूचा तुकडा कायम. न्हाव्याच्या दुकानाची पाटी, खताच्या दुकानाची पाटी, एसटीच्या मागं लिहिलेलं इंग्रजी, काहीच सुटायचं नाही. एकदा माझ्या वडिलांबरोबर ते धर्माबादला मिरचीच्या बाजारात गेले. वडील माल उतरवून घेत होते आणि सर एका आडत दुकानाची पाटी दुरुस्त करायला स्टुलावर चढले होते. आडत्या बाहेर येऊन जाब विचारू लागला. सरांनी त्याला स्टुलावरूनच समजावलं की तुम्ही मिरचीचे व्यापारी आहात, पण पाटीवरच्या 'चिली'च्या स्पेलिंगप्रमाणे तुम्हाला थंडी वाजते आहे. आडत्याला यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यानं सरांना चहा पाजला आणि वडिलांना म्हणाला, "माणूस सरळ हाय, पण याला एकट्याला बाजारात सोडत जाऊ नका."

पण सर सगळ्यांच्या लक्षात राहिले ते शनिवारच्या शेवटच्या तासामुळं. शनिवारी शाळा सकाळची. शेवटच्या तासाला बाकीचे वर्ग मैदानावर असायचे आणि आम्ही आठवीतली मुलं बाकावर धुतलेला हातरुमाल अंथरून, त्यावर घरून आणलेली भाकर ठेवून, हात मांडीवर घेऊन बसलेलो असायचो. विषय टेबल मॅनर्स. काटे-सुऱ्या कुठून येणार? सरांनी कंपासपेटी उघडायला लावली. कर्कटक थोडं उघडलं की दोन दातांचा काटा. स्टीलची पट्टी म्हणजे सुरी. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. कोपरं बाकावर टेकवायची नाहीत. घास छोटा. तोंडात घास असताना बोलायचं नाही. जेवण झालं की काटा आणि सुरी ताटात शेजारी-शेजारी, जोडीनं निजवल्यासारखी.

ज्वारीची भाकर कर्कटकानं धरून पट्टीनं कापणं काय असतं, हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. शिळी भाकर तर सरळ उडायची. एकाची उडून सरांच्या हजेरीपटावर पडली. सरांनी ती उचलली, त्याच्या रुमालावर नेऊन ठेवली आणि त्याला भाकरीची इंग्रजीत माफी मागायला लावली. त्यानं मागितली. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. या तासाला ते कधीच हसायचे नाहीत, आणि आम्हाला हसू यायचं ते त्यामुळंच जास्त.

कुणीतरी दर शनिवारी विचारायचं, "सर, तुम्ही कुठं खाल्लं असं?" सर फळा पुसायला लागायचे. फळ्यावर त्या वेळी काही लिहिलेलं नसलं तरी पुसायचे.

एका शनिवारी माझ्याच ओठात कर्कटक घुसलं. रक्त फार आलं नाही, पण मी रडत घरी गेले, आणि आई तशीच हातातलं काम टाकून शाळेत आली. मी तिच्या मागं. हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते, सरही होते. आईचं म्हणणं सरळ होतं. लेकरं शिकायला धाडलीत, टोचून घ्यायला नाही. मग ती सरांकडं वळली.

"मला एक सांगा सर, हिला सासरी काट्यानं खायचंय का?"

सरांनी थोडा विचार केला. "सासरी काय करावं लागेल ते मला माहीत नाही बाई. पण ती कुठंतरी जाईल. तिथं लागेल."

आईनं माझा दंड धरला आणि ती निघाली. घरी येताना रस्ताभर सरांना नावं ठेवत आली. हेडमास्तरांनी कर्कटकानं खाण्यावर बंदी घातली. पुढच्या रविवारी सर नांदेडला गेले आणि भांड्याच्या बाजारातून खरे स्टीलचे दोन डझन काटे घेऊन आले. ते प्रयोगशाळेच्या कपाटात, बरणीतल्या बेडकाच्या शेजारी ठेवले गेले. आमच्या शाळेत परीक्षानळ्या नऊ होत्या आणि काटे चोवीस. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी कपाट उघडून हे कोणत्या प्रयोगाचं साहित्य, असं विचारलं होतं. सरांनी उत्तर दिलं, इंग्रजीच्या.

आई म्हणाली होती ते अर्धं खरं झालं. सासरी काट्याचा काही संबंध आला नाही. माझे यजमान लातूरचे, ठिबक सिंचनाचं सामान विकतात, आणि हातानं भात कालवताना त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. पण त्याआधी मी लॅबचं शिक्षण घेऊन हैदराबादला एका मोठ्या कंपनीत दोन वर्षं होते. पहिल्याच आठवड्यात सगळ्या नव्या लोकांना जेवायला नेलं. पांढरी चादर घातलेलं टेबल, ताटाच्या दोन्ही बाजूंना काटे-चमचे. मी बसले, रुमाल मांडीवर घेतला, काटा डाव्या हातात घेतला आणि जेवले. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. कुणाच्या काहीच लक्षात आलं नाही. मी खोलीवर परत आले तेव्हा मला सरांना फोन करावासा वाटला, पण फोन करून सांगणार काय? काहीच झालं नाही म्हणून? तो फोन राहूनच गेला.

सर निवृत्त झाल्यावर लातूरला मुलाकडं राहायला आले. आमच्या घरापासून दोन चौक पुढं. दोन वर्षांपूर्वी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या. त्यानंतर सर जरा गप्प झाले. पाट्यांवरचं लाल पेनही कमी झालं. एकदा आमच्याकडं आले असताना समोरच्या दुकानाच्या नव्या पाटीवर ढळढळीत चूक होती, आणि सर ती वाचून नुसते पुढं चालत गेले. मला ते बरं वाटलं नाही. मी आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर लिहिलं की आपण सरांना कुठंतरी फिरायला नेऊ. अर्ध्या तासात एकतीस जणांनी 'नक्की' लिहिलं. कुणी अंगठे टाकले, कुणी फुलं. कुठं जायचं यावर आठवडाभर चर्चा झाली आणि हिमाचल ठरलं, कारण सरांनी बर्फाचे डोंगर पाहिलेले नव्हते. तिकिटं काढायच्या दिवशी अकरा जण उरले. गाडीच्या आदल्या दिवशी चार. त्यातल्या एकाच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. नांदेडच्या स्टेशनवर अमृतसरच्या गाडीत प्रत्यक्ष चढलो ते आम्ही तिघं: सर, मी आणि माझे यजमान, जे या बॅचमध्ये कधीच नव्हते.

सरांनी बरोबर दोन दिवसांची शिदोरी घेतली होती. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. गाडीच्या डब्यातल्या सगळ्यांना ते 'प्लीज' म्हणून धपाटे देत होते. एक पंजाबी आजोबा 'थँक यू' न म्हणता तीन धपाटे खाऊन गेले, तेव्हा सरांनी माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली. यजमान त्यांना सर म्हणायचे, सर यजमानांना जावईबापू म्हणायचे, आणि दोघांचं कशावरही एकमत नव्हतं, तरी अंबाल्यापर्यंत ते शेजारी-शेजारी बसूनच आले.

आम्ही उतरलो ते गाव मनालीच्या अलीकडं, नदीच्या पलीकडच्या अंगाला. देवदाराची झाडं, सफरचंदाच्या बागा, लाकडी घरं. ऑक्टोबर होता, सफरचंदं उतरवून झाली होती, दुपारी ऊन छान पडायचं. आमच्या लॉजच्या वर, चढावर, एक युरोपियन पद्धतीचं रेस्टॉरंट होतं. दगडी पायऱ्या, काचेच्या मोठ्या खिडक्या, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ. बाहेर एका तिकाटण्यावर फळी लावून त्यावर पदार्थांची नावं खडूनं लिहिलेली. आत बहुतेक परदेशी माणसं आणि दिल्लीकडची तरुण जोडपी दिसायची.

पहिल्या दिवशी फिरून परत येताना सर त्या फळीपुढं थांबले. सगळी नावं वरून खाली वाचली आणि पुढं निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबले. या वेळी खिडकीतून आतही पाहिलं. मी म्हटलं, सर, जायचं का आत? म्हणाले, "नको. आत्ताच चहा झाला." चहा होऊन चार तास झाले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. आम्ही दोन दिवस खालच्या ढाब्यावर राजमा-भात खात होतो आणि यजमानांची सहनशक्ती संपत आली होती.

"सर, पाटी वाचून पोट भरायलंय का?" ते म्हणाले आणि सरळ पायऱ्या चढून आत गेले. मग आम्हाला जावंच लागलं.

मला सरांकडून मोठ्या अपेक्षा होत्या. आयुष्यभर शिकवलेला धडा आज प्रत्यक्षात. मी फोन तयार ठेवला होता, ग्रुपवर फोटो टाकायला. पण सर खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसले, एसटीत दोघांच्या सीटवर तिसरा बसतो तसे. दाराकडं तोंड करून. मिशीवाला, जाड स्वेटर घातलेला वेटर मेन्यूकार्ड ठेवून गेला. कार्डावर नुसत्या माझ्या डोळ्यांना चार चुका दिसल्या. सरांचं लाल पेन खिशात होतं. ते खिशातच राहिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की काहीतरी बरोबर नाही. मी फोन पर्समध्ये ठेवला.

शाकाहारी काय-काय आहे ते मीच विचारलं. मशरूमचं सूप, ब्रेड आणि टोमॅटोच्या रश्शातली स्पॅगेटी सांगितली. सूप आलं. आता मात्र सरांचे हात आपोआप चालू झाले. रुमाल मांडीवर. चमचा आपल्यापासून दूर नेत भरायचा, कडेला टेकवायचा, आवाज न करता प्यायचं. एक थेंब सांडला नाही. यजमान त्यांच्याकडं पाहत राहिले आणि वाटी तोंडाला लावायच्या बेतात होते, ते थांबून चमच्यानं प्यायला लागले.

मग स्पॅगेटी आली.

सरांनी ताटाकडं पाहिलं. काटा डाव्या हातात होता, सुरी उजव्या. सुरीनं कापायला गेले तर शेवया निसटायच्या, काट्यानं उचलायला गेले तर लोंबायच्या. त्यांनी काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. सर ज्या कुठल्या पुस्तकावरून शिकवत असतील, त्यात भाकरीच्या जागी हा पदार्थ नसणार.

"हे आपण केलेलं नाही," ते माझ्याकडं पाहून हळूच म्हणाले, परीक्षेत धड्याबाहेरचा प्रश्न आल्यावर मूल म्हणतं तसं.

शेजारच्या टेबलावर एक परदेशी म्हातारी बसली होती. पांढरे केस, खांद्यावर शाल. तिचं जेवण संपत आलं होतं. तिनं ब्रेडचा तुकडा हातानं मोडला, त्यानं ताटातला सगळा रस्सा पुसून घेतला, आमची आई वरणाची वाटी पुसून घ्यायची तसा, तो तोंडात टाकला आणि बोट चाटलं. मग दुसरा तुकडा मोडला. सर तिच्याकडं बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मला त्यांना सांगावं लागलं, सर, तिकडं बघू नका. टक लावून पाहायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं होतं.

त्यांनी काटा आणि सुरी ताटात शेजारी-शेजारी ठेवली. ताट भरलेलंच होतं.

"तुम्ही पोरं विचारायचात ना," ते म्हणाले, "मी असं कुठं खाल्लं म्हणून. मी खाल्लं नाही. उठून आलो होतो."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. सव्विसाव्या वर्षी, लग्न होऊन सहा महिने झाले असताना, ते उदगीरला तासांवर शिकवत होते. पेपरात एका निवासी शाळेची जाहिरात आली. साताऱ्याकडच्या डोंगरातली, थंड हवेच्या गावातली शाळा. इंग्रजीचा शिक्षक हवा, राहायला घर मिळेल. त्यांनी अर्ज केला आणि बोलावणं आलं. एक रात्र आणि अर्धा दिवस एसटीनं प्रवास करून ते पोचले. मुलाखत तासभर चालली. व्याकरणाचं एकही उत्तर चुकलं नाही. मुख्याध्यापक खूश झाले आणि म्हणाले, चला, आमच्याबरोबर जेवा. लांबलचक हॉल, दोन-तीनशे मुलं, सगळ्यांच्या हातांत काटे-सुऱ्या. सरांना मोठ्यांच्या टेबलावर, एका वयस्क बाईंच्या शेजारी बसवलं. त्या तिथं संगीत शिकवायच्या.

"सूप आलं," सर म्हणाले. "ताटाच्या दोन्ही बाजूंना मिळून सात वस्तू होत्या. मी मोजल्या. कोणती घ्यायची ते कळेना. कुणी हसलं नाही, बरं का. त्या बाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आपला चमचा उचलला आणि मला दिसेल असा जरा वर धरला. हळूच. दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून."

त्यांनी टेबलावरचा चमचा सरळ करून ठेवला.

"ते मला सहन झालं नाही. मी उठलो. म्हटलं, माफ करा, आज सोमवार आहे, माझा उपवास असतो."

यजमान म्हणाले, "मग बराबर आहे की. शंकराचा वार."

"गुरुवार होता, जावईबापू."

बाई काय म्हणाल्या, असं मी विचारलं. त्या फक्त 'ऑफ कोर्स' म्हणाल्या होत्या. सर तसेच बाहेर पडले आणि स्टँडवर येऊन भजी खाल्ली. त्यांना वाटलं, संपलं. पण दहा-बारा दिवसांनी पत्र आलं. त्यांची निवड झाली होती. पत्रात रुजू व्हायची तारीख होती, घर कोणतं मिळेल ते होतं, आणि शेवटी एक ओळ होती: आपल्या सोमवारच्या उपवासाची वेगळी व्यवस्था स्वयंपाकघराला सांगून ठेवली आहे.

"त्या ओळीमुळं मी गेलो नाही," सर म्हणाले. "एरवी गेलो असतो, असं वाटतं."

आई आजारी आहे, येऊ शकत नाही, असं त्यांनी उलट लिहून टाकलं. काकूंना मात्र सांगितलं की निवडच झाली नाही. काकूंनी तेव्हा थंड हवेच्या गावात नेसायला म्हणून जाड पोताच्या दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी परत पेटीत ठेवल्या आणि उलट सरांनाच समजावलं, पुन्हा कुठं मिळेल की. मग आमच्या गावची शाळा मिळाली. नांदेडला रद्दीच्या दुकानात टेबल मॅनर्सचं एक जुनं पुस्तक मिळालं. सरांनी ते पाठ केलं. तीस वर्षं शिकवलं. पण काकूंना खरं काय ते कधी सांगितलं नाही.

"सांगायचं होतं," ते म्हणाले. "रोजच सांगायचं होतं. राहिलं."

यजमान हळवे झाले की जरा उद्धट बोलतात. ते म्हणाले, "सर, तुम्ही त्यांना सरळ सांगायचं होतं, मला येत न्हाई, मी हातानं खातो. काय केलं असतं त्यांनी?"

"काही केलं नसतं," सर म्हणाले. "ते मला आज कळतं."

मला तेव्हा हैदराबादचं ते जेवण आठवलं. मी सांगितलं सरांना. पांढरी चादर, काटे, कुणी माझ्याकडं पाहिलं नाही ते, खोलीवर आल्यावर फोन करावासा वाटला ते. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग सूप कोणतं होतं, असं विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही सर, मक्याचं असेल. त्यांनी मान हलवली आणि घट्ट सूप व पातळ सूप यांतला फरक सांगायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

यजमानांनी तोवर हातानं स्पॅगेटी खायला घेतली होती. शेवयाच तर आहेत, म्हणाले. सरांनी त्यांना अगदी हळू आवाजात, पण अगदी शनिवारच्याच सुरात, काटा उचलायला सांगितलं. यजमानांनी उचलला. मग वेटरनं येऊन काट्यावर शेवया गुंडाळून कशा खायच्या ते आम्हा तिघांना करून दाखवलं. सर एकेक वळसा मोजून घेत होते. त्यांनी ती अख्खी प्लेट संपवली. पाऊण तास लागला. शेवटी-शेवटी तर वेटर, मी आणि यजमान, आम्ही तिघं एकाच घासाकडं डोळे लावून होतो. निघताना सरांनी वेटरचं गाव विचारलं, आभार मानले, आणि दारातून परत फिरून खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान माझ्या खोलीत आले. ते आणि सर एका खोलीत झोपायचे. म्हणाले, सर उठून, अंघोळ-पूजा उरकून कुठंतरी गेलेत. स्वेटर नेलाय, मफलर नेलाय, फोन इथंच आहे. मी खाली रस्त्यापर्यंत पाहून आले, नदीच्या पुलावर पाहून आले. मग चढ चढले.

काचेच्या खिडकीतून सर दिसले. रेस्टॉरंट नुकतंच उघडलं होतं. आत दुसरं कुणी नव्हतं. सर खिडकीजवळच्या टेबलावर एकटे बसले होते, पाठ खुर्चीला टेकवून. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. रस्त्याच्या पलीकडं दगडी कठडा होता, त्यावर जाऊन बसले.

कालचाच वेटर प्लेट घेऊन आला. सरांनी प्लेटकडं पाहिलं आणि त्याला काहीतरी म्हणाले. तो वाकून ऐकत होता, मग त्यानं प्लेटकडं बोट दाखवलं. सरांनी नकारार्थी मान हलवली. प्लेट परत गेली. बराच वेळ काही आलं नाही. इतका वेळ गेला की मला उठून आत जावंसं वाटलं. सर मात्र हात मांडीवर घेऊन समोरच्या डोंगराकडं बघत होते. वर बर्फावर ऊन आलं होतं. मग दुसरी प्लेट आली. ते सावकाश जेवले. काटा कोणत्या हातात होता ते मला तिथून दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर मला तिथं पाहून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. आम्ही उतार उतरू लागलो. थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "त्यानं टोस्टवर अंडं घालून आणलं होतं. मी म्हटलं, हे मला चालत नाही. दुसरं आणा."

"मग?"

"मग काय. गेला आणायला." त्यांनी गळ्यातला मफलर सारखा केला. "उशीर लागला त्याला. मी बसून राहिलो."